बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, चेकनाका आणि बुद्धिबळातला चेक: शब्द एकच की वेगवेगळे?

तुम्ही विचारलंय की ‘चेक करणे’, बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि बुद्धिबळातला चेक हे योगायोगाने सारखे ऐकू येणारे वेगळे शब्द आहेत की एकाच शब्दाचे अर्थ, आणि तसं असेल तर बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं का.

शब्द एकच आहे. त्याचं मूळ इंग्लंडात नाही, इराणात आहे. आणि मराठीला तो इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, कारण आपला ‘शह’ तो हाच. मी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली आहे, दिवसभर हा शब्द हाताखालून जायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळ आपल्याकडून ‘चतुरंग’ या नावानं इराणात गेलं, तिथे त्याचं ‘चतरंग’ झालं आणि अरबांनी ‘शतरंज’ केलं. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की खेळणारा ‘शाह!’ असा पुकारा करी. राजा सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. अरबांबरोबर हा खेळ इसवी सन 1000 च्या आसपास स्पेन-इटलीत पोहोचला होता. तिथे लॅटिनमध्ये शाहचा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत येईपर्यंत पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’ उरला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ आला. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नावच मुळात ‘राजे’ असं आहे.

‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. याचा अर्थ ‘राजा मेला’ असा बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो, कारण अरबीत ‘मात’चा संबंध मरणाशी लागतो. मला मात्र फारसीतला अर्थ पटतो: मात म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. बुद्धिबळात राजाला मारून पटावरून कधीच उचलत नाहीत. त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. आपण ‘आजारावर मात केली’ म्हणतो, ती हीच मात. राजकारणातले शह-काटशहही याच पटावरचे.

थोडं आणखी मागे गेलं तर हा शब्द पुन्हा आपल्या दारात येतो. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाचा प्रचंड शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीचा. त्यात तो स्वतःला ‘क्षायथिय’ म्हणवतो, आणि ‘क्षायथियांचा क्षायथिय’, म्हणजे राजांचा राजा, असंही म्हणवतो. हाच शब्द झिजत झिजत ‘शाह’ झाला आणि ती पदवी ‘शहेनशाह’ झाली. संस्कृतातले क्षत्र, क्षत्रिय याच धातूचे भाईबंद. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत. त्यातला ‘क्षत्रप’ हाही प्राचीन इराणी राज्यव्यवस्थेतूनच आलेला. तेव्हा चेक आणि क्षत्रिय हे दूरचे का होईना, नातेवाईक आहेत. मला स्वतःला या शब्दाच्या प्रवासातला हा टप्पा सगळ्यात आवडतो.

आता अर्थ बदलला कसा ते बघू. शह बसला की खेळाडूच्या डोक्यात असलेला बेत तिथेच थांबतो. पुढे काय मारायचं, कुठे घुसायचं, ते सगळं बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावं लागतं. त्यामुळे पटाबाहेरही ‘चेक’ म्हणजे अडवणं, रोखणं, लगाम घालणं असा अर्थ 14व्या शतकातच रुजला. हा अर्थ लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं होतं. आपण शाळेत ‘चेक म्हणजे तपासणे’ एवढंच शिकतो, आणि मग बाकीचे अर्थ सुटे, उपटसुंभ वाटायला लागतात.

गावाकडे ओढ्यावर चेक डॅम बांधतात. तो काहीच तपासत नाही. तो पाण्याचा वेग अडवतो, म्हणून चेक डॅम. प्लंबर ज्याला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतो त्याचं दुसरं नाव चेक व्हॉल्व्ह, कारण तो उलट येणारं पाणी रोखतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ येतात, म्हणजे संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना घातलेले लगाम. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी ‘तपासण्या आणि समतोल’ असं केलेलं भाषांतर मी पाहिलं आहे, आणि त्यात सगळा अर्थच निसटतो. तिथे तपासणी नाही, अंकुश आहे.

तपासण्याचा अर्थ त्यानंतर, 17व्या शतकात रूढ झाला. त्याचा सांधा इथे आहे: चूक किंवा लबाडी रोखायची असेल तर आधी पडताळून बघावं लागतं. आपल्या चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. मुलुंड किंवा दहिसर चेकनाक्यावर मालाची गाडी आधी अडवली जायची, मग कागद तपासून जकात घेतली जायची. 2017 मध्ये जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली, पण रिक्षावाल्याला आजही ‘चेकनाका’ सांगितलं की पुरतं.

बँकेच्या चेकसाठी मात्र वेगळ्या वाटेनं, 12व्या शतकातल्या इंग्लंडात जावं लागतं.

तिथल्या राजाचा महसूल शेरीफ लोक गोळा करत आणि वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमसच्या सणांना, हिशेब द्यायला येत. हिशेब व्हायचा एका मोठ्या टेबलावर. त्याचं वर्णन आपल्याला मिळतं ते दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याच्या ‘डायलॉगस दे स्काकारिओ’ या ग्रंथात, 1177 च्या सुमारास सुरू केलेल्या. ग्रंथ गुरू-शिष्याच्या प्रश्नोत्तरांचा आहे. शिष्य सुरुवातीलाच विचारतो की ही हिशेबाची कचेरी, ‘एक्सचेकर’, म्हणजे काय आणि तिला हे नाव का. गुरू सांगतो: टेबल साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेनं चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे वर ठेवलेलं काही खाली घरंगळू नये. त्यावर काळं कापड, आणि कापडावर वीतभर-फूटभर अंतराने ओढलेल्या रेघा.

या रेघांमधले रकाने म्हणजेच त्या काळातलं गणकयंत्र. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसाचे पौंड, मग शंभर, मग हजार. मोजणारा माणूस चकत्या मांडत जायचा. वर शेरीफकडून येणं किती, खाली त्याने भरले किती, आणि वजाबाकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या लोकांकडे रोमन आकडे होते आणि रोमन आकड्यांत उभी वजाबाकी मांडता येत नाही. शून्य अजून त्यांच्या कचेरीत पोहोचलेलं नव्हतं. चकत्यांच्या मांडणीत मात्र जागेवरूनच किंमत ठरते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपण किती देणं लागतो ते दिसतं. हिशेब उघड्यावर, देणेकऱ्यासमोर करण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

रेघारेघांचं हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं, म्हणून त्याला पटाचंच नाव पडलं: लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’, इंग्रजीत ‘एक्सचेकर’. फिट्झनील आणखी एक कारण देतो. पटावर जसे दोन राजे झुंजतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ झुंजतात, आणि बाकीचे पंच म्हणून बसतात. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. शब्दाच्या हिशेबाने बघाल तर तो पटाचा अधिकारी आहे.

18व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘चेक’ हे नाव आधी मिळालं ते काउंटरफॉइलला. जुनं चेकबुक हातात घेतलं असेल तर डावीकडची ती अरुंद पट्टी आठवेल: तारीख, नाव, रक्कम आणि शिल्लक लिहायची. चेक फाडून दिला तरी ती बुकातच राहते. देयकाचा कागद खरा की बनावट, रक्कम वाढवली तर नाही ना, हे या राहिलेल्या भागाशी ताडून बघता यायचं. फसवणुकीला आळा घालणारा तो ‘चेक’. पुढे ते नाव पट्टीवरून सरकून खुद्द देयकाच्या कागदाला लागलं. बँकेत आम्हाला शिकवलेलं असायचं की काउंटरफॉइल न भरणारा खातेदार पुढे वाद घेऊन येतोच, आणि अनुभवही तसाच आहे. त्या पट्टीला कमी समजू नका.

स्पेलिंगच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावायची पद्धत ब्रिटनमध्ये नंतर पडली. बँक म्हणजे पैसा, पैसा म्हणजे खजिना, आणि खजिन्याच्या ‘एक्सचेकर’मध्ये क्यू आहे, म्हणून तो इथेही आला. अमेरिकेनं तो घेतला नाही. तिथे सगळे चेक ‘सी-के’वालेच.

शर्टाचं उत्तर आता वेगळं द्यायला नको. पट चौकटींचा, म्हणून चौकटींचं कापड चेक्सचं. मराठीत त्याला चौकडा हा छान शब्द आहे, पण कापडाच्या दुकानात आता तो क्वचितच ऐकू येतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना आणखी तीन चेक भेटतात. हॉटेलात जेवण झाल्यावर वेटर आणतो तो चेक म्हणजे बिल. फॉर्मवर ‘चौकोन चेक करा’ असं असेल तर बरोबरची खूण करायची. आणि विमानतळावर बॅग ‘चेक’ करणं म्हणजे ती तपासून घेणं नव्हे, ताब्यात देऊन पावती घेणं. 19व्या शतकात तिकडच्या रेल्वेत सामान सोपवलं की धातूचा बिल्ला मिळायचा, एक सामानाला आणि त्याच्या जोडीचा एक प्रवाशाला. त्या बिल्ल्यालाच चेक म्हणत. चेकच्या काउंटरफॉइलची युक्तीच इथे सामानाला लावलेली आहे.

गोंधळ होतो अशी एक जोडीही सांगून टाकतो. ‘क्रॉस चेक’ हे आपण दोन अर्थांनी बोलतो. बँकेत क्रॉस केलेला चेक म्हणजे वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारलेला, ज्याचे पैसे काउंटरवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. एरवी ‘क्रॉस चेक कर’ म्हणजे दुसऱ्या बाजूनं खात्री करून घे. चेक कुणाला कुरिअरनं पाठवणार असाल तर त्या दोन रेघा जरूर मारा.

युरोपातल्या चेक देशाचा मात्र यापैकी कशाशीही संबंध नाही. ते तिथल्या स्लाव्ह लोकांचं स्वतःचं नाव आहे, आणि चेक नावाच्या मूळपुरुषाची दंतकथा ते सांगतात. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.

लिहिताना काय वापरायचं, तर भारतात बँकेच्या चेकला ‘क्यू-यू-ई’. आपल्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्येही तेच स्पेलिंग आहे. तपासणे, रोखणे, शह आणि कापड यांना ‘सी-के’. फक्त ‘चौकटींचा’ असं विशेषण लिहायचं झालं, जसं मोटार शर्यतीच्या शेवटी हलवतात तो काळा-पांढरा झेंडा, तर ब्रिटिश पद्धतीत तिथेही क्यू येतो, कारण तो शब्द थेट एक्सचेकरच्या घराण्यातला आहे.