वाचकांचे प्रश्न : रिकामी दिसणारी सेवा बंद करू का?

प्रश्न : आमचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. पेट्यांची लेबलं छापणारा प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर चालतो. तिथे ‘यूयूआयडीडी’ नावाची एक सेवा दिसते. नवीन आलेला मुलगा म्हणतो, “सर, ही नुसतीच बसलेली असते, काढून टाकू.” काढू देऊ का?

उत्तर : दादा, आज तरी तिला हात लावू देऊ नका. ही सेवा प्रोग्रामना ‘यूयूआयडी’, म्हणजे दुसऱ्या कुणाला न मिळणारा ओळखक्रमांक, बनवून देते. तुमचा प्रोग्राम कोणत्या प्रकारचा ओळखक्रमांक मागतो, ते आधी बघा. क्रमांक १२८ बिटांचाच असतो, पण यादृच्छिक प्रकारात त्यातले १२२ बिट नशिबावर सोडलेले असतात. त्याला कुठल्याच सेवेची गरज नाही. वेळेवरून बनणारा क्रमांक मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका सुरू झाली त्या दिवसापासून, १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी काळ मोजतो. त्याला नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि १४ बिटांचा एक घड्याळक्रम, म्हणजे घड्याळ मागे गेलं तरी क्रमांक पुन्हा येऊ नये म्हणून ठेवलेला आकडा, जोडला जातो. ही सेवा आहे ती मुख्यतः या प्रकारासाठी.

बाजार समितीच्या गेटवर पावती फाडणारा एकच माणूस असतो, तसंच हे. सगळे प्रोग्राम तिच्याकडेच मागतात, म्हणून एक क्रमांक दोघांना जात नाही. ती नसेल तर प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम, घड्याळक्रमाची नोंदफाइल स्वतः उघडू पाहते. तेवढी परवानगी नसेल तर १४ बिटांत बसणाऱ्या १६,३८४ पैकी एक घड्याळक्रम आपल्या मनाने उचलते. संख्या मोठी वाटते ना? पण साधारण दीडशे प्रोसेस झाल्या की त्यांतल्या कुठल्या तरी दोघींनी एकच घड्याळक्रम उचललेला असण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते. मग त्या दोघींनी एकाच मायक्रोसेकंदाला क्रमांक मागायचा अवकाश, की दोघींना एकच क्रमांक मिळतो. दिवसाला चार लेबलं छापणाऱ्याच्या वाट्याला हे येणार नाही. रात्री लाखभर नोंदी एकदम ओतणाऱ्याच्या येतं.

माझ्या वाट्याला आलं होतं. पुण्यात नोकरीला असताना महिनाअखेरीच्या बिलांआधी सर्व्हर ‘साफ’ करताना हीच सेवा मी काढली. सकाळी तीन बिलं गायब होती. क्रमांक हेच फाइलचं नाव होतं, त्यामुळे दुसऱ्या बिलाने पहिलं पुसून टाकलं होतं. ती तीन माणसं शोधून काढायला दोन दिवस लागले. त्यातल्या एका आजोबांनी फोनवर शांतपणे विचारलं, “माझे पैसे भरलेले धरणार ना?” तो आवाज अजून कानात आहे.

तुमच्या मुलाला एवढं करायला सांगा. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत, या सेवेचं सॉकेट, म्हणजे मागणी येण्याचं दार, चालू ठेवा. मागणी आली की ती आपोआप जागी होते, म्हणून एरवी रिकामी दिसते. सेवेच्या नावापुढे डॅश टी (-t) देऊन चालवलं की ती वेळेवरचा एक क्रमांक देते का, ते लगेच कळतं. डेटाबेसमध्ये पेटीक्रमांकाच्या रकान्याला ‘युनिक’ बंधन आजच घाला. दुहेरी क्रमांक आलाच तर तो नोंदीपाशीच अडेल, कंटेनर बंदरावर पोचल्यावर नाही.

प्रोग्राम नव्याने लिहायचा असेल तर मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातली यूयूआयडीची सातवी आवृत्ती घ्या. तिच्यात सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ सांगतात आणि उरलेला बहुतेक भाग यादृच्छिक असतो. क्रमांक वेळेनुसार ओळीने लागतात आणि सेवा लागत नाही. पण हा बदल एप्रिलनंतर, शेवटची गाडी गेल्यावरच करा.