सूनबाईंच्या आजोबांचं घर आणि आमचा बंद वाडा

प्रश्न: नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, रिटायर्ड मास्तर. धाकटा मुलगा ओसाकाला नोकरीत आहे, सूनबाई तिथलीच. तिच्या आजोबांचं घर ह्योगो प्रांतात डोंगरातल्या एका खेड्यात आहे, शंभर वर्षांच्या वरचं, लाकडी सांगाडा आणि मातीच्या भिंती. आजोबा गेले, आजी वृद्धाश्रमात, तीन वर्षं झाली घराला कुलूप आहे. मुलगा म्हणतो होमस्टे करूया, सूनबाईचे मामा म्हणतात पाडा आणि जागा विका. मागच्या वर्षी आम्ही दोघं बघून आलो, तिथं ओसरीवर बसलो आणि मला आमचाच वाडा आठवला, तोही बंदच आहे. त्या घराचं काही टिकाऊ करता येईल का? खरं तर विचारणारा मी कोण, पण पोरं मला विचारतात.

उत्तर: काका, विचारणारा मी कोण असं म्हणूच नका, पोरं एवढ्या लांबून विचारतात म्हणजे त्यांना तुमचा शब्द हवाय.

आधी मामांचं म्हणणं समजून घ्या, ते काही वाईट बोलत नाहीत. तिथं टॅक्सच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य 22 वर्षं धरतात, बाजारात जुन्या घराला किंमत नसल्यातच जमा, जी काय किंमत ती जमिनीची. 2023 च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये 90 लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे साधारण सातातलं एक, त्यांना 'आकिया' म्हणतात. त्यात घर उभं असलं की लहान प्लॉटच्या जमिनीचा टॅक्स सहाव्या हिश्श्यावर धरतात आणि पाडलं की ती सवलत जाते, त्यामुळे लोक पाडतही नाहीत आणि राहतही नाहीत, नुसतं कुलूप. पण 2015 पासूनच्या कायद्यानं धोकादायक झालेल्या रिकाम्या घराची ही सवलत काढून घेता येते, तेव्हा नुसतं कुलूप लावून ठेवणं आता परवडायचं नाही.

आणि घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर सगळ्यात पहिलं काम कागदाचं. 1 एप्रिल 2024 पासून तिथं वारसा नोंद सक्तीची झालीय, 3 वर्षांची मुदत, विनाकारण टाळली तर 1 लाख येनपर्यंत दंड, आणि आधीचे वारसेही यात धरलेत. आजी, मामा, सूनबाईंची आई, सगळ्यांना एकत्र बसवा. आपल्याकडे उताऱ्यावर अकरा नावं, त्यातले चार पुण्यात, दोन गोव्यात, एकाची सही मिळेना आणि तोवर माडी खाली आली, असे वाडे मी या भागात इतके बघितलेत की हे लिहितानाही जीव तुटतो.

आता होमस्टे. 2018 च्या मिनपाकु, म्हणजे घरात पाहुणे ठेवण्याच्या कायद्यानं साध्या नोंदणीवर वर्षाला जास्तीत जास्त 180 दिवसच पाहुणे ठेवता येतात, वर्षभर चालवायचं तर लॉजचं वेगळं लायसन्स लागतं. पण मला काळजी आहे ती उरलेल्या दिवसांची. मातीची भिंत आणि लाकूड म्हणजे वारा लागतो, जून-जुलैत त्यांचा 'त्सुयु' पाऊस असतो तेव्हा दमट हवेत बंद घर आतून कुजतं, आपल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात बंद घराला कसा बुरा येतो ते तुम्हाला सांगायला नको. मुलगा ओसाकात बसून मोबाईलवर बुकिंग घेईल हो, पण सकाळी दारं-खिडक्या उघडणार कोण, चुलीशी जाळ कोण करणार, गळलेलं कौल कोणाला दिसणार?

म्हणून मी म्हणेन आधी तिथं रोज येणारं माणूस शोधा, पाहुण्यांचं नंतर बघू. त्याच ह्योगोमध्ये तांबा-सासायामा भागात मारुयामा नावाची छोटी वस्ती आहे, 12 घरं, त्यातली 7 रिकामी झाली होती. 2009 मध्ये तिथल्या लोकांनी रिकाम्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली, पण नुसती किल्ली देऊन नाही, गावकरी स्वतः त्यात उतरले. सूनबाईंना सांगा, एक दिवस काढून दोघांनी तिथं जाऊन राहा आणि चालवणाऱ्यांशी बोला, प्रांतातलंच आहे. दुसरं उदाहरण नाओशिमा बेटाचं. तिथं होन्मुरा गावात 1998 मध्ये एका जुन्या घराचीच कलाकृती केली, आत पाणी भरून त्यात आकड्यांचे दिवे ठेवले, आणि प्रत्येक आकडा किती वेगानं पळायचा हे बेटावरच्या 125 लोकांनी ठरवलं, 5 वर्षांच्या पोरापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. मला हे फार आवडतं, गावाचा हात लागला की परक्याची वस्तू गावाची होते.

तुमच्या बाबतीत मला सुचतं ते असं. अशा खेड्यात म्हातारी माणसं जास्त, आणि तिथं म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची काळजी-केंद्रं असतात, सकाळी आणायचं, जेवण, अंघोळ, गप्पा, संध्याकाळी घरी सोडायचं, अशी केंद्रं जुन्या घरांतही चालतात. गावाच्या ऑफिसला विचारून बघा अशा संस्थेला जागा हवी आहे का. पुढचा मातीच्या जमिनीचा भाग, 'दोमा' म्हणतात तो, आणि दोन खोल्या त्यांना भाड्यानं द्या, मागच्या दोन खोल्या तुम्हा लोकांसाठी आणि कधीतरी पाहुण्यांसाठी ठेवा. रोज घर उघडेल, भाड्यातून कौलांचा खर्च थोडा तरी निघेल, आणि खरं सांगू का काका, आजी आठवड्यातून दोन दिवस स्वतःच्या घरात येऊन बसू शकेल. ते नाही जमलं तर सुतार, मिसो (सोयाबीन आंबवून करतात तो) करणारं कुणी, शहरातून गावात राहायला आलेलं जोडपं, कुणीही चालेल पण रोजचं पाहिजे.

बांधकामाचं एकच सांगतो, कॉन्क्रीटवाल्याच्या हातात देऊ नका. अशा जुन्या घरात बरेचदा खांब दगडावर नुसते टेकलेले असतात आणि भूकंपात सगळा सांगाडा हलून जोर पचवतो, त्याला अर्धवट घट्ट बांधलं तर उलटंच होतं. भूकंपाचे नवे नियम 1981 पासूनचे, हे घर त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणून जुन्या लाकूडकामाचा जाणकार इंजिनिअरच बघा. 200 चौरस मीटरपर्यंतचं घर दुसऱ्या वापराला लावताना 2019 पासून बांधकामाची वेगळी मंजुरी लागत नाही, आगीचे नियम मात्र पाळावेच लागतात. आणि 50 वर्षांवरच्या घराला 'नोंदणीकृत सांस्कृतिक वारसा' म्हणून नाव लावता येतं, 1996 पासून ही सोय आहे, त्यात आतले बदल बऱ्यापैकी करू देतात आणि टॅक्समध्ये सूट मिळते, हा मुद्दा मामांना जरूर सांगा.

तुमच्या वाड्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण लिहिलंत, म्हणून सांगतो. तुम्ही मास्तर आहात, सोप्यात संध्याकाळी दोन तास पोरांची अभ्यासिका सुरू करा, कपाटभर मराठी पुस्तकं ठेवा. कडोली-येळ्ळूरकडं लोक साहित्य संमेलनं भरवतात, तुमच्या गावात वाचायला जागा तरी होऊ दे. होमस्टेचं, रंगाचं, सगळं नंतर. मृगाच्या आधी फुटकी कौलं बदलून घ्या आणि माडीवरून वर बघून वाशांचा फोटो काढून पाठवा, कोपऱ्यातला जिथं पाणी उतरतंय तो आधी.