ईसीजी वाचणारे यंत्र आणि विद्यापीठाचे काम

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हृदयविकारासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याच्या संशोधनात तिला पुढे काम करायचे आहे. रुग्ण रुग्णालयात असतात आणि यंत्रे कंपन्या तयार करतात. मग विद्यापीठाच्या वाट्याला नेमके कोणते काम येते? – एक वाचक, उदगीर

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील कामावरून चांगले समजते. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट विस्ताराच्या या राज्यात दूरच्या गावांतील रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञ सहजी मिळत नसत. तेथील सार्वजनिक विद्यापीठांनी २००५ मध्ये दूरवैद्यक सेवा सुरू केली. गावच्या आरोग्य केंद्रात ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, काढून संगणकावरून पाठवायचा आणि तज्ज्ञांनी तो वाचून अहवाल परत धाडायचा, अशी ही सेवा होती. तिचे केंद्र बेलो होरिझोंते येथील मिनास जेराइस संघीय विद्यापीठात होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय पुष्कळ नंतर आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण २०१० ते २०१६ या काळात ८११ नगरपालिका क्षेत्रांतून जे २३ लाखांहून अधिक ईसीजी जमा झाले, ते रुग्णांची सेवा करता करता जमा झालेले होते.

या साठ्यावर विद्यापीठाने स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहकार्याने ईसीजी वाचणारे एक संगणकीय प्रारूप (ज्याला येथे यंत्र म्हटले आहे) घडवले आणि २०२० मध्ये त्याचा शोधनिबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर), डाव्या व उजव्या बाजूचा बंडल ब्रांच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडे विद्युत संदेश नेणाऱ्या वाटेतील अडथळा) यांसह सहा दोष ते ओळखते.

मात्र खरी मेहनत त्याआधीची होती. यंत्राला शिकवायचे तर प्रत्येक ईसीजीवर अचूक निदान लिहिलेले हवे. एक साधे उदाहरण देतो. ईसीजीच्या कागदावरील लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा असतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लहर सुरू झाल्यापासून खालच्या कप्प्यांची लहर सुरू होईपर्यंत असे पाच चौकोन, म्हणजे ०.२० सेकंद, ओलांडले गेले, तर त्यास पहिल्या श्रेणीचा एव्ही ब्लॉक, म्हणजे वरून खाली संदेश पोहोचण्यातील विलंब, म्हणतात. लहर कोठे सुरू झाली याविषयी अर्ध्या चौकोनाचा मतभेद झाला, तरी निदान बदलू शकते. डॉक्टरांचा अहवाल आणि स्वयंचलित विश्लेषण यांत जेथे मेळ बसला नाही, असे हजारो ईसीजी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जाणकारांच्या देखरेखीखाली कित्येक महिने बसून एकेक करून तपासले. शिकवणारे व शिकणारे एकाच छताखाली असतात, म्हणूनच इतके चिकाटीचे काम विद्यापीठाला पेलते.

पुढची पायरी परीक्षेची. त्यासाठी ८२७ ईसीजी वेगळे ठेवले. प्रत्येक ईसीजी दोन हृदयरोगतज्ज्ञांनी वाचला आणि त्यांचे एकमत न झाल्यास तिसऱ्या ज्येष्ठ तज्ज्ञाने निर्णय दिला. त्याच ईसीजींवर हृदयरोग व आपत्कालीन विभागाचे निवासी डॉक्टर आणि पाचव्या वर्षाचे वैद्यकीय विद्यार्थी यांचीही चाचणी घेतली गेली, आणि यंत्राची कामगिरी त्यांच्या तोडीची किंवा सरस ठरली. यंत्राच्या चुकाही निबंधात एकेक करून तपासल्या आहेत. त्यांतील बऱ्याच वर सांगितल्यासारख्या मोजमापाच्या सीमारेषेवरील होत्या. परीक्षेचे हे ८२७ ईसीजी, त्यांवरील डॉक्टरांची मते आणि प्रारूपाची संगणकीय संहिता (कोड) विद्यापीठाने सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे जगातील कोणत्याही गटाला आपले प्रारूप त्याच कसोटीवर घासून पाहता येते. या क्षेत्रात विद्यापीठाने दुसरे काहीही केले नाही आणि एवढे एकच केले, तरी मी ते मोठे मानीन.

एक इशारा आवश्यक आहे. या सहा दोषांत हृदयविकाराचा झटका नाही. छातीत दुखत असताना अशा यंत्राने ‘दोष नाही’ म्हटले, तरी रुग्णाने डॉक्टरकडे तातडीने गेलेच पाहिजे.

आपल्या मुलीसाठी सांगायचे तर, याच संग्रहातील सुमारे १५ टक्के भाग, म्हणजे ३,४५,७७९ ईसीजी, संशोधनासाठी खुले आहेत. तिने ते उतरवून घ्यावेत. पण प्रारूप रचायला बसण्यापूर्वी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन, त्यांच्या शेजारी बसून किमान शंभर ईसीजी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत.