टॉमहॉकचं पातं फुटलं ते ठीक, पण दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी बघ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका २२ वर्षांच्या पोराने विचारलंय. त्याचा मेसेज लांब आहे, मी कमी करून देतो:

"वकील काका, ऑनलाइन १,४९९ रुपयांना फेकायची टॉमहॉक (छोटी कुऱ्हाड) मागवली. साइटवर लिहिलेलं, घडीव हाय कार्बन स्टील, थ्रोइंगसाठी. बाराव्या दिवशी फेकली आणि पातं नेढ्यापाशी, म्हणजे दांडा घालायच्या भोकापाशी, तडकून दोन तुकडे, एक तुकडा उडून मामेभावाच्या नडगीला लागला, नऊ टाके पडले. तो १६ वर्षांचा आहे. पोलिसांची भानगड नको म्हणून दवाखान्यात दगडावर पडला म्हणून सांगितलं. सेलर म्हणतो सात दिवसांची रिटर्न संपली, आणि हा शोपीस आहे, तुम्ही चुकीचा वापर केला. मधे पातं सैल व्हायचं म्हणून मी दांड्यात एक खिळा मारलेला. मामा माझ्याशी बोलेना झालाय. पैसे आणि दवाखान्याचा खर्च मिळेल का, की हत्यार ठेवलं म्हणून मलाच आत घालतील? आणि पुढची घेताना स्वस्तातली चांगली कशी ओळखायची?"

बाळा, तुझ्या मेसेजमधली सगळ्यात जड ओळ तू जाता जाता लिहिलीयस, ती दगडावर पडल्याची. उद्या केस उभी राहिली की समोरचा वकील पहिला तोच कागद काढणार, की दवाखान्याच्या रेकॉर्डला पडून जखम लिहिलंय, कुऱ्हाडीचा संबंधच काय. मग तू कितीही खरं बोललास तरी खोटा वाटणार. म्हणून या आठवड्यात मामेभाऊ आणि त्याच्या वडलांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, घाबरलो म्हणून खोटं सांगितलं हे सरळ सांग आणि खरी हकीकत आजच्या तारखेने वेगळी नोंद करून द्या अशी विनंती कर. जुना केस पेपर बदलून द्या असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस, ते दुसरं खोटं होईल आणि त्यात डॉक्टर पण अडकतील. डॉक्टरांनी ही पोलिसांना कळवायची केस आहे म्हटलं तर कळवू दे, अडवू नकोस. नंतर आपण तक्रारीत आधी असं का सांगितलं होतं ते स्वतःहून पहिल्याच पानावर लिहू. आपणच सांगितलेली चूक आणि समोरच्याने उघडी पाडलेली चूक यात फार फरक पडतो, हे मी बेळगावात इतकी वर्षं बघतोय.

आता मालाकडे येऊ. हत्यारांचं मला वेड नाही पण टिकाव आणि कुऱ्हाडी बघत मोठा झालोय. फेकायच्या टॉमहॉकचं नेढं बहुतेक करून टिकावासारखं असतं, खाली अरुंद आणि वर रुंद. दांडा वरून घालायचा, त्याचं जाड टोक वरच्या बाजूला अडकतं, त्यामुळे फेकताना जोर बाहेर लागला की पातं जास्तच घट्ट बसतं. चार-सहा वेळा फेकून थोडं सैल होणं यात दोष काही नाही, उलटं धरून दांड्याचं वरचं जाड टोक लाकडावर आपटलं की परत बसतं. म्हणजे तुझ्या खिळ्याची गरजच नव्हती. दांडा मोडला असता तरी मी तुला केस करू नको म्हटलं असतं, कारण फेकण्याच्या खेळात दांडे मोडतातच, दुसऱ्या कुऱ्हाडीचा घाव बसला की मोडतात, ते बदलायचेच असतात. पण तुझं लोखंड फुटलंय, तेही नेढ्यापाशी, आणि घडीव हाय कार्बन स्टील म्हणून विकलेलं पातं बाराव्या दिवशी लाकडावर फेकून असं तडकत नाही. एक तर ओतीव असेल आणि ओतताना आत पोकळी राहिली असेल, नाही तर पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवताना, सगळंच पातं काचेसारखं कडक करून टाकलं असेल. चांगल्या पात्याला धारेकडे पाणी देतात आणि नेढ्याची बाजू चिवट ठेवतात, मार तिथेच बसतो.

फुटलेल्या जागी बघ, हात न लावता. साखरेच्या दाण्यासारखं जाड चमकदार दिसतंय की बारीक करडं? बारीक बुडबुड्यांची भोकं आहेत का? फोटो काढ, दोन्ही तुकडे थोडं तेल लावून कापडात गुंडाळ आणि डब्यात ठेव. वेल्डिंग नको, ग्राइंडर नको, आणि बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला असलेल्या मित्राला दाखवायला हरकत नाही पण त्याला कापू देऊ नकोस. फुटलेली जागा हाच तुझा मोठा साक्षीदार आहे. दोष नुसतं बघून ठरत नसेल तर ग्राहक आयोग नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये ती सोय आहे, पण ग्राइंडरने घासलेल्या तुकड्यात लॅबवाले तरी काय शोधणार.

सेलरचं शोपीसवालं उत्तर मला पटत नाही. त्याने स्वतःच थ्रोइंगसाठी लिहिलं, म्हणजे फेकणं हाच वापर झाला, आणि ज्या वापरासाठी विकलं त्याला चुकीचा वापर कसं म्हणणार? ती लिस्टिंग अजून दिसत असेल तर आज रात्रीच स्क्रीनशॉट काढ, पत्ता आणि तारीख दिसेल असा, उद्या उडवतील. बिल, डिलिव्हरीचा मेसेज, चॅट, खोका सगळं जप. खोक्यावर कोणत्या देशात बनलं, कुणी आयात केलं, कंपनीचा पत्ता हे छापलंय का बघ. बनवणाऱ्याचा पत्ताच नसेल किंवा तो परदेशात बसलेला असेल तर कलम ८६ प्रमाणे विकणाऱ्यावर जबाबदारी टाकता येते. सात दिवसांची रिटर्न ही त्याची दुकानदारी झाली, कायद्याने तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तर स्पष्ट आहे की माल दोषी असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विकणारा परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणू शकत नाही. आणि स्वस्त होतं म्हणून चालवून घ्या हे उत्तर कायद्यात कुठेच नाही, कमी किमतीच्या मालाची फिनिशिंग कमी असेल, रंग उडेल, दांडा साधा असेल, पण माणसाच्या पायात घुसेल असं लोखंड १,४९९ ला पण विकायचं नसतं.

खिळ्याचं मात्र लपवायचं नाही. कलम ८७ मध्ये वस्तू बदलून वापरली असेल तर विकणाऱ्याला बचाव मिळतो आणि ते तोच धरणार. आपलं म्हणणं असं राहील की खिळा लाकडात होता आणि तडा लोखंडात गेला. पण खिळ्यामुळे दांडा फुगून नेढ्यावर आतून ताण आला असंही ते म्हणू शकतील, म्हणून खिळा कुठे, किती लांब, कधी मारला ते आत्ताच कागदावर लिहून ठेव, आणि ओंडका कसला होता तेही. नरम लाकडाचा कापलेला गोल होता की वाळलेलं कडक खोड, कधी दगडाभिंतीवर लागली का? खरं काय ते लिही, मला गोड वाटेल ते नको.

पोलिसांच्या भीतीबद्दल, तुला खोटा धीर देणार नाही. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत तलवारी, भाल्यांबरोबर लढाईच्या कुऱ्हाडींचं नाव आहे आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तसल्या हत्यारांचं पण. त्यातून सुटतात घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू. तुझी शेतातली कुऱ्हाड सुटते, पण खेळ हा शब्द तिथे नाही आणि टॉमहॉकची धार बहुधा २ इंचांपेक्षा मोठीच असते. ज्या भागात शस्त्र कायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना लागू आहे तिथे असलं हत्यार विनापरवाना बाळगल्याला तुरुंगवास आणि दंड आहे. म्हणजे ऑनलाइन मिळालं म्हणून कायदेशीर झालं असं समजू नकोस. तुझी वस्तू त्या यादीत बसते की नाही यावर वाद घालता येतो, मी घालेन पण, पण तो वाद रस्त्यात हवालदाराशी घालायचा नसतो. दुचाकीच्या डिकीत ठेवू नकोस, १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आपला काळा दिवस) आसपास आणि बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत तर मुळीच नको, तेव्हा जमाव आणि हत्यारांवर बंदीचे आदेश निघत असतात. आणि तू मेसेजच्या शेवटी लिहिलंयस ना (वर मी ते गाळलंय) की मित्रांबरोबर भीमगडच्या जंगलात टेंट टाकून फेकतो, ते आजपासून बंद. ते अभयारण्य आहे, लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत गेलास तर वन्यजीव कायद्याचा वेगळा गुन्हा, तिथे मी पण फार काही करू शकणार नाही.

पुढची घ्यायची म्हणतोस तर आत्ता घेऊ नकोस, हे मिटू दे. माहिती म्हणून सांगतो. नेढ्यातून उजेडाकडे बघ, आत जोड किंवा वेल्डची रेघ दिसली की सोड, आणि नेढ्याच्या दोन्ही भिंती सारख्या जाड पाहिजेत. धारेवर कानस फिरव, नुसती घसरून गेली तर पातं फार कडक, तुकडा उडायची भीती, आणि लोण्यासारखी कापत सुटली तर फार मऊ, पण मऊ पातं वाकतं, घासून सरळ होतं, जीवावर येत नाही, म्हणून स्वस्तातलं घ्यायचंच तर मऊ बरं. लोहचुंबकाने कळतं असं लोक सांगतात, त्याने काही कळत नाही, स्वस्त स्टेनलेसला पण चुंबक चिकटतो. दांड्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मधेच कडेला बाहेर पडल्या की तिथेच मोडणार. असले खेळ चालवणारे हॅचेटसाठी बारा फुटांवर रेघ मारतात आणि फेकणाऱ्याच्या शेजारी कुणाला थांबू देत नाहीत, तुझा मामेभाऊ कुठे होता?

हे मी उगाच विचारत नाही. खरेदीदाराच्या परवानगीने वस्तू वापरणारा पण कायद्याने ग्राहकच. तो त्या दिवशी फेकत होता तर त्याच्या जखमेची भरपाई त्याच्या नावाने मागता येते, नुसता बघत उभा होता तर आपली वाट अवघड होते. तुझ्या १,४९९ साठी तू, त्याच्या पायासाठी तो.

आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार टाक, त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यायचा असतो, जोडीला ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन कर. नाही झालं तर नोटीस आणि मग बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तू इथे राहतोस म्हणून इथेच चालतं, सेलर कुठल्या का राज्यात असेना. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार इंग्रजी किंवा कन्नडात करू, चॅट मराठीत असेल तर भाषांतर जोडू. रक्कम किती मिळेल ते सांगत नाही, दवाखान्याची बिलं, औषधं, शाळा बुडाली ते सगळं मागू.

आणि पोरगा १६ चा आहे म्हणून त्याच्या तक्रारीवर सही त्याच्या वडलांची लागते. तेव्हा माझ्याकडे यायच्या आधी मामाच्या घरी जा, सेलरचं काही बोलू नकोस, पहिल्यांदा पायाची चौकशी कर, मग माफी माग, आणि डॉक्टरकडे त्यांच्याबरोबरच जा.