पॅकेज कुणी बांधायचं?

प्रश्न : जुन्या डीटीपी फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिलाय, थोडा सीमध्ये, थोडा शेल स्क्रिप्टमध्ये. माझ्या उबुंटूवर उत्तम चालतो. एका मित्राच्या फ्रीबीएसडीवर आणि दुसऱ्याच्या मॅकवर अडतो. आता प्रत्येकासाठी वेगळं पॅकेज मीच करायचं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सगळी तर मुळीच करू नका. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या जाती, फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच पण वेगळी सिस्टिम; प्रत्येकाकडे पॅकेज (म्हणजे त्या सिस्टिमवर थेट बसवता येईल असं प्रोग्रॅमचं गाठोडं) बांधणारी स्वयंसेवक मंडळी असतात आणि आपापल्या घरच्या रीती त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. त्यांनी डोक्याला हात लावू नये असा सोर्स देणं, एवढं आपल्याकडे.

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण पैज लावतो, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत '/बिन/बॅश' असणार, म्हणजे ती बॅश या शेलकडून चालवून घ्यायची. फ्रीबीएसडीत बॅश मुळात येतच नाही; बसवलं तरी ते '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये जाऊन बसतं. सगळीकडे असणाऱ्या साध्या 'एसएच' शेलमध्ये लिहा, प्रश्न मिटला. मॅकवर दगा देत असेल तो 'सेड', मजकुरात बदल करणारी आज्ञा. लिनक्सवरचा सेड नुसत्या 'उणे आय' (-i) या खुणेवर फाइल जागच्या जागी बदलतो. मॅकचा आणि फ्रीबीएसडीचा त्यापुढे बॅकअप फाइलचं शेपूट मागतो. तुम्ही ते दिलं नाहीत, की तुमची बदलाची सूचनाच शेपूट समजून गिळतो आणि पुढचं फाइलचं नाव आज्ञा म्हणून वाचायला जातो! तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदला. जुनाट वाटेल, पण सगळीकडे चालतं.

मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बांधण्या-बसवण्याच्या सूचनांच्या फाइलीत, 'प्रीफिक्स' (कुठे बसवायचं तो पत्ता) आणि 'डेस्टडिर' (आधी कुठे मांडायचं ते फोल्डर) हवेतच. लिनक्सची पॅकेजं '/यूएसआर'मध्ये जातात, फ्रीबीएसडीची '/यूएसआर/लोकल'मध्ये, फ्रीबीएसडीच्या भावंडाची, नेटबीएसडीची, पॅकेजसोर्स ही पॅकेज-यंत्रणा आहे, तिची '/यूएसआर/पीकेजी'मध्ये, नव्या मॅकवर होमब्रू या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची '/ऑप्ट/होमब्रू'मध्ये. शिवाय पॅकेज बांधणारा थेट सिस्टिममध्ये काही बसवत नाही; आधी एका रिकाम्या फोल्डरमध्ये सगळं मांडतो आणि तिथून गाठोडं बांधतो. तुम्ही पत्ता कोडात कोरून ठेवलात तर त्याला सगळं उकरून काढावं लागतं.

आता माझी फजिती. माझ्या एका प्रोग्रॅमची १.२ आवृत्ती सोडली आणि संध्याकाळी रीडमीमध्ये शुद्धलेखनाची चूक दिसली. सुधारून त्याच नावाने टारबॉल (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल) पुन्हा चढवला. फ्रीबीएसडीच्या पोर्टमध्ये, म्हणजे पॅकेज बांधायच्या कृतीत, 'डिस्टइन्फो' नावाची फाइल असते, तीत टारबॉलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलचा ठसाच म्हणा, एक अक्षर हललं तरी बदलतो) आणि आकार नोंदलेला. बेरीज जुळेना, म्हणून माझा पोर्ट बांधला जाईना. सांभाळणाऱ्याची मेल आली : फाइल तुम्ही बदललीत, की तुमच्या सर्व्हरवर कुणी घुसलंय? वेलांटीपायी ही शोभा. तेव्हापासून स्वल्पविराम बदलला तरी १.२.१.

परवान्याची फाइल घाला. तिच्याशिवाय डेबियन दारात उभं करणार नाही. अक्षरजुळणीचा तक्ता दुसऱ्या कुणाचा उचलला असेल तर तेही आधीच निस्तरा.

होमब्रूच्या मुख्य यादीत अनोळखी छोटे प्रोग्रॅम सहसा घेत नाहीत, पण स्वतःचा 'टॅप', म्हणजे आपली वेगळी यादी, काढता येतो. मॅकवाल्या मित्रापुरता तो पुरेल. फ्रीबीएसडीवाल्याला मात्र कामाला लावा. पोर्टच्या मेकफाइलमध्ये 'मेंटेनर' (सांभाळणारा) अशी एक ओळ असते. तिथे स्वतःचा ईमेल घालायला तो तयार आहे का, एवढं विचारा.