‘टू रवी अँड आय’ की ‘टू रवी अँड मी’?

प्रश्न असा आहे : ‘प्लीज सेंड द फाइल टू रवी अँड आय’ बरोबर, की शेवटी ‘मी’ हवं? ‘मायसेल्फ’ चालेल का?

‘मी’च हवं. ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’ यांच्यामागून सर्वनाम आलं की ते कर्माच्या रूपात येतं : मी, हिम, हर, अस, देम. पारख सोपी आहे. रवीला वाक्यातून उठवा. ‘सेंड द फाइल टू आय’ लगेच कानाला खटकतं. रवी परत येऊन बसला म्हणून रूप बदलत नाही.

मराठीत आपण इथे चुकत नाही. ‘रवी आणि मला’ म्हणू, ‘रवी आणि मीला’ कधीच नाही. घोटाळा उच्चाराचाही आहे. आपला ‘मी’ कर्ता, इंग्रजीतला ‘मी’ कर्म. संस्कृतातल्या ‘अहम्’ आणि ‘माम्’शी ताडून पाहा : आय म्हणजे अहम्, मी म्हणजे माम्. जोडी एकाच कुळातली आहे.

चुकीचं मूळ बहुधा शाळेत असतं. ‘मी अँड रवी वेंट’वर लाल रेघ पडते. ती योग्यच, कारण तिथे कर्ता हवा. पण मुलांच्या डोक्यात बसतं की ‘मी’ गावठी आणि ‘आय’ शिष्ट. ‘बिटवीन यू अँड आय’ त्यातूनच येतं. इथे वरची पारख लागू पडत नाही, कारण ‘बिटवीन’ला दोघं लागतात, आणि ‘यू’ कर्ता असो वा कर्म, तसंच राहतं, त्यामुळे त्याच्याकडूनही सुगावा नाही. मग अख्ख्या जोडीच्या जागी ‘वी’ किंवा ‘अस’ ठेवा. ‘बिटवीन अस’ जमतं, म्हणून ‘बिटवीन यू अँड मी’. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या एका पत्रात ‘बिटवीन यू अँड आय’ आहे खरं, पण अर्ज लिहिताना तो दाखला कामी येणार नाही.

‘मायसेल्फ’ ही पळवाट आहे. त्याला वाक्यात आधी ‘आय’ लागतो : ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय डिड इट मायसेल्फ’. म्हणून ओळख करून देताना ‘मायसेल्फ रवी’ नको, ‘आय ॲम रवी’.

‘दॅन’पुढे मात्र अर्थच बदलू शकतो. ‘शी लाइक्स हिम मोर दॅन मी’ म्हणजे सहसा तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो. ‘दॅन आय’ म्हणजे मला तो जितका आवडतो, त्याहून तिला जास्त. या दुसऱ्या अर्थासाठी सरळ ‘दॅन आय डू’ लिहा.