ब्राझील आणि सेंट हेलेना : रोजच्या जगण्यात फरक काय?

मोठा देश ब्राझील आणि एकाकी बेट सेंट हेलेना, राहायला कसं वेगळं, असं विचारलंय. माझ्या मते खरा फरक वाट पाहण्यात आहे.

सेंट हेलेना म्हणजे नेपोलियनला जिथं कैदेत ठेवलं ते दक्षिण अटलांटिकमधलं ब्रिटिश बेट. जेमतेम १२२ चौरस किलोमीटर, वस्ती चार-साडेचार हजारांची. २०१७ पर्यंत तिथं पोचायला केपटाउनहून बोटीत पाच-सहा दिवस काढावे लागत. आता जोहान्सबर्गहून विमान येतं, पण वाऱ्यापुढे त्याचंही काही चालत नाही. बराचसा किराणा अजून बोटीनेच येतो. बोट लांबली की दुकानातल्या फळ्या रिकाम्या. दुखणं गंभीर असेल तर रुग्णाला समुद्रापार न्यावं लागतं, आणि याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

ब्राझीलमध्ये २० कोटींहून जास्त माणसं. साओ पावलोत आठवडी बाजार थेट गल्लीत भरतो: पपई, केळी, सारण भरून गरमागरम तळलेला पास्तेल आणि सोबत उसाचा रस. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत, रांगा मात्र लांब. मोठ्या शहरांत रात्री जपूनच फिरावं लागतं.

सेंट हेलेनात समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायची रीत आहे. तेवढ्यासाठी मी बेटच निवडेन.